प्रिंटर बिघडलेला नाही, त्याचा पत्ता बदललाय

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी ती बरोबर समजलोय की नाही ते तुम्हाला कळेल. दोन महिन्यांपूर्वी इंक टँकचा वायफाय प्रिंटर घेतला. पहिले काही दिवस लॅपटॉप आणि मोबाईल, दोन्हीवरून पानं निघाली. आता लाईट जाऊन आली की लॅपटॉप ‘प्रिंटर ऑफलाइन’ म्हणतो, पण त्याच वेळी बेडरूममध्ये बसून मोबाईलवरून पाठवलं तर पान निघतं. हॉलमध्ये मात्र ना लॅपटॉपवरून छपाई होते, ना मोबाईलवरून. मुलाच्या ऑफिसच्या लॅपटॉपला तर प्रिंटर पहिल्या दिवसापासून दिसलेलाच नाही. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला प्रिंटर चालवता यावा म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर, तीनदा काढून पुन्हा टाकला, दरवेळी चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो वायफाय कार्ड गेलं, बदलावं लागेल. घरात दोन वायफाय आहेत: हॉलमध्ये फायबरवाल्यांनी लावलेला डबा, आणि आत रेंज येत नाही म्हणून बेडरूममध्ये तुम्ही घेतलेला दुसरा राउटर. प्रिंटर जोडलाय बेडरूमच्या राउटरला.

कार्ड बदलू नका. मोबाईलवरून एक जरी पान वायफायने निघत असेल तर कार्ड ठणठणीत आहे. मी सतरा वर्षं चिपळूण आणि आसपासच्या गावांत घरं, दवाखाने, छोटी ऑफिसं यांची नेटवर्कं जोडून देतोय. ‘प्रिंटर खराब झाला’ म्हणून बोलावणं येतं आणि बहुतेक वेळा प्रिंटरला हातही न लावता मी घरी परततो, कारण काम राउटरमध्ये असतं. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळ्या अडचणी आहेत. तिन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच, ‘ऑफलाइन’, म्हणून त्या एकच वाटतायत.

पहिली अडचण लाईटची. घरातल्या नेटवर्कवर प्रत्येक वस्तूला, म्हणजे मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर या सगळ्यांना राउटर एक आकडी पत्ता देतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, समजा १९२.१६८.०.१०३. हा पत्ता कायमचा नसतो, भाड्याच्या खोलीसारखा ठरावीक मुदतीचा असतो. अनेक राउटरांवर ती मुदत २४ तासांची असते. एरवी मुदत संपायच्या आतच प्रिंटर ती वाढवून घेतो आणि पत्ता तोच राहतो. पण लाईट गेली की राउटरही बंद पडतो, आणि कुणाला कोणता पत्ता दिला होता याची यादी घरगुती राउटरांपैकी बरेचसे फक्त तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. ती पुसली जाते. लाईट आली की जो आधी विचारेल त्याला आधी पत्ता. काल प्रिंटरकडे असलेला १०३ आज टीव्हीला मिळतो आणि प्रिंटर १०६ वर जातो.

आता लॅपटॉप आणि मोबाईल यांच्यातला फरक बघा, सगळी मेख इथंच आहे. मोबाईल दर छपाईच्या वेळी नेटवर्कवर हाक मारतो, ‘इथं प्रिंटर कोण आहे?’ प्रिंटर ओ देतो आणि आपला आजचा पत्ता सांगतो. आयफोनवर २०१० साली आलेलं एअरप्रिंट असंच चालतं, अँड्रॉइडची छपाईसेवाही तशीच. विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकताना मात्र बहुधा पत्ता एकदाच लिहून ठेवला जातो आणि नंतर लॅपटॉप थेट तिथंच जातो. तुमचा लॅपटॉप १०३ च्या दारावर थाप मारतोय. आत टीव्ही आहे, त्याला छपाई कळत नाही, तो गप्प. लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला की लॅपटॉप नवा पत्ता लिहून घेतो, म्हणून चार दिवस चालतं. पुढच्या वेळी लाईट गेली की तोही जुना होतो.

हे खरंच असं आहे का, ते दोन मिनिटांत तपासता येतं, आणि काहीही बदलण्याआधी ते तपासाच. प्रिंटरवरून ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन पेज’ छापून घ्या. स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत मिळेल. नसेल तर वायफायचं किंवा ‘आय’ लिहिलेलं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं, कोणतं ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. पानावर बराच मजकूर येतो, तुम्हाला त्यातल्या चारच ओळी हव्यात: वायफायचं नाव, आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क आणि गेटवे. पेनने त्यांच्याभोवती गोल करा. मग लॅपटॉपवर सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स असं जाऊन तुमच्या प्रिंटरचं ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘पोर्ट्स’ हा टॅब पाहा. टिक असलेल्या ओळीत जो पत्ता आहे तो पानावरच्या पत्त्याशी जुळतो का? जुळत नसेल तर निदान झालं. शेवटी ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पानावरचा पत्ता टाइप करा (आकडे अर्थात इंग्रजीत). प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, शाईची पातळी वगैरे दिसली, तर लॅपटॉपपासून प्रिंटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि दोष फक्त विंडोजच्या नोंदीत आहे. ते पान उघडलंच नाही तर ड्रायव्हरशी झटापट करण्यात अर्थ नाही, रस्ताच तुटलाय. एवढ्या एका चाचणीने माझे कितीतरी तास वाचलेत.

पानावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ वेगळा. प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. लाईट आल्यावर हे वरचेवर होतं. प्रिंटर अर्ध्या मिनिटात जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. काही प्रिंटर थोडा वेळ विचारतात आणि मग नाद सोडतात. अशा वेळी राउटर पूर्ण सुरू झाला की प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच. राउटरला छोटा यूपीएस लावला, खास राउटरसाठी १२ व्होल्टचे मिळतात, तर ही वेळच येत नाही. कोकणात पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, त्यामुळे मी प्रत्येक घरी तो लावायला सांगतो.

यावर उपाय म्हणजे प्रिंटरला कायमचा पत्ता देणं. पण थांबा, तुमच्या घरी ते लगेच करू नका. आधी दुसरी अडचण सोडवावी लागेल, नाहीतर दिलेला पत्ता पुन्हा बदलावा लागेल.

दुसरी अडचण दोन राउटरांची. हॉलचा डबा आणि बेडरूमचा राउटर तुम्हाला एकाच इंटरनेटची दोन टोकं वाटतात. नेटवर्कच्या दृष्टीने ती दोन वेगळी घरं आहेत. हॉलच्या डब्याच्या पत्त्यांचा तिसरा आकडा समजा १ आहे, म्हणजे १९२.१६८.१ अमुक, आणि बेडरूमच्या राउटरचा ०. (जिओफायबरवाल्यांकडे तो २९ असतो.) बेडरूमचा राउटर हॉलच्या डब्याकडून फक्त इंटरनेट घेतो आणि स्वतःच्या आतल्या वस्तू बाहेरच्यांपासून लपवून ठेवतो. ते त्याचं नेमून दिलेलं कामच आहे. म्हणून हॉलच्या वायफायवर गेलेल्या मोबाईलला किंवा लॅपटॉपला आतला प्रिंटर दिसत नाही. उलट बाजूने अर्धा रस्ता उघडा असतो. प्रिंटर हॉलच्या डब्यावर आणि लॅपटॉप बेडरूममध्ये असता तर पत्ता हाताने टाकून छपाई झाली असती, पण मोबाईलची हाक पलीकडे पोचली नसती. माणसं चक्रावतात ती या अर्ध्या उघड्या रस्त्यामुळे: एका खोलीतून चालतं, दुसऱ्या खोलीतून नाही, मग प्रिंटरच लहरी आहे असं वाटू लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिकेच्या घरी हेच होतं. दहावीच्या पोरांच्या सरावपत्रिका त्या घरी छापत. माडीवर बसल्या की छपाई व्हायची, खाली ओटीवर आल्या की नाही. दोन वर्षं त्या सवयीने लॅपटॉप घेऊन जिना चढत होत्या. मी खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी त्यांच्या मोबाईलचा पत्ता वाचून दाखवला. खाली तिसरा आकडा १, वर ०. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, पुन्हा स्वतः खाली जाऊन पाहिला, वर येऊन पाहिला. मग पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. तुम्हीही तेवढंच करा: मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये आपला आयपी हॉलमध्ये एकदा आणि बेडरूममध्ये एकदा पाहा.

उपाय असा, की बेडरूमच्या राउटरला राउटरपणा सोडायला लावायचा आणि नुसती रेंज वाढवण्याच्या कामाला ठेवायचं. बऱ्याच नव्या राउटरांत ‘ऑपरेशन मोड’ खाली ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असतो. तो निवडून सेव्ह करा, राउटर रीस्टार्ट होईल आणि काम झालं. जुन्या राउटरात हा पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, हॉलच्या डब्याच्या रांगेतला करा, उदाहरणार्थ डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा. आणि हे झाल्यावरच केबल ‘वॅन’ लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकातून काढून बाकीच्या ‘लॅन’ भोकांपैकी एकात घाला. डीएचसीपी चालू असताना केबल हलवली तर दोघंही एकाच घरात पत्ते वाटत सुटतात आणि सगळ्यांचंच इंटरनेट अधूनमधून बंद पडतं. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलेत तर घरभर फिरताना मोबाईल आपोआप जवळचा धरतो.

इथं आणखी दोन सेटिंगं डोळ्याखालून घाला. ‘गेस्ट नेटवर्क’वर प्रिंटर किंवा लॅपटॉप चुकून जोडला गेलेला नाही ना? आणि ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू नाही ना? ते चालू असलं की प्रत्येकाला इंटरनेट मिळतं पण एकमेकांशी बोलता येत नाही. हॉटेलच्या वायफायला ते योग्य आहे, घरी नको.

आता पत्ता कायमचा करूया. उत्तम मार्ग म्हणजे राउटरलाच सांगून ठेवणं, की हा प्रिंटर आला की त्याला नेहमी हाच पत्ता दे. हॉलच्या डब्याच्या पानावर लॉगिन करा, पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड बहुधा डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. लॅन किंवा डीएचसीपीच्या विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक डीएचसीपी’ किंवा ‘बाइंडिंग’ यांपैकी एखादं नाव दिसेल. तिथं प्रिंटरचा मॅक ॲड्रेस टाकायचा. तो बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक तुम्ही छापलेल्या त्याच पानावर असतो. प्रिंटरला लॅनचीही जागा असेल तर दोन मॅक ॲड्रेस दिसतील, त्यातला वायफायचा घ्या. समोर हवा तो पत्ता लिहा, समजा १९२.१६८.१.५०. सेव्ह करा, प्रिंटर बंद-चालू करा, पान पुन्हा छापून ५० आला का ते पाहा.

फायबर कंपन्यांच्या काही डब्यांत ही सोय ग्राहकापासून लपवलेली असते. मग पत्ता प्रिंटरमध्येच हाताने लिहायचा: ब्राउझरमधल्या प्रिंटरच्या पानावर वायफायच्या आयपी सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे डब्याचा पत्ता. इथं एक चूक माणसं हमखास करतात. डबा १०० ते २०० या दरम्यानचे पत्ते वाटत असेल तर प्रिंटरला त्याच्या बाहेरचा द्यावा. १२० लिहिलात तर एक दिवस डबा तोच पत्ता पाहुण्यांच्या मोबाईलला देईल आणि दोघंही अडतील. आणि पुढे कधी इंटरनेटची कंपनी बदलली, नवा डबा आला, तर हाताने लिहिलेला पत्ता त्या नव्या रांगेत बसणार नाही. तेव्हा प्रिंटर अचानक नाहीसा झाल्यासारखा वाटेल. म्हणून प्रिंटरच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: ‘पत्ता हाताने दिला आहे’, तारीख आणि पत्ता. मी प्रत्येक घरी चिकटवतो.

आता विंडोजची जुनी नोंद दुरुस्त करायची, ड्रायव्हर न काढता. त्याच ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, मग नवा पत्ता. टिक त्या नव्या ओळीवर आली पाहिजे. जुन्या ओळीचं नाव ‘डब्ल्यूएसडी’ने सुरू होत असेल तर ती प्रिंटर आपोआप शोधणारी जोडणी आहे. कागदोपत्री ती पत्ता बदलला तरी प्रिंटर शोधून काढते, प्रत्यक्षात झोपेतून उठलेल्या प्रिंटरला ती इतक्यांदा हरवते की मी ती ठेवतच नाही. नवा पोर्ट बनवल्यावर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. या टिकमुळे विंडोज प्रिंटरला मधूनमधून ‘कसा आहेस?’ विचारतं, आणि प्रिंटरने त्या खास प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर छपाई शक्य असतानाही ऑफलाइन ठरवून मोकळं होतं. टिक काढल्यावर विंडोज कधीकधी शाईची पातळी दाखवत नाही, बाकी काही बिघडत नाही. ॲपलच्या मॅक संगणकावर पोर्टचा खटाटोप नसतो. तिथं प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये प्रिंटर जोडताना पृथ्वीगोलाच्या चित्राच्या टॅबमध्ये पत्ता टाकला की झालं.

विंडोज तुमच्या घरच्या वायफायला ‘पब्लिक’ समजत असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. पब्लिकमध्ये फायरवॉल, म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पहारेकरी, शोधाशोधीच्या हाका आत येऊ देत नाही. पान छापलं जातं पण स्कॅन लॅपटॉपपर्यंत येत नाही, अशी तक्रार असते तेव्हा मी सगळ्यात आधी हेच पाहतो, कारण प्रिंटरच्या बटणावरून स्कॅन करताना बोलणं उलट दिशेने, प्रिंटरकडून लॅपटॉपकडे सुरू होतं.

तिसरी अडचण मुलाच्या ऑफिसच्या लॅपटॉपची, आणि तिच्यात तुमच्या घरातली कोणतीच वस्तू दोषी नाही. तो लॅपटॉप व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्यासारख्या जोडणीने, कंपनीच्या नेटवर्कला जोडलेला असतो. बऱ्याच कंपन्या सगळी वाहतूक त्या बोगद्यातूनच नेतात, म्हणजे लॅपटॉप शरीराने तुमच्या घरात आणि नेटवर्कने पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या ऑफिसात. शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर त्याला दिसणार कसा? खात्री करायची तर व्हीपीएन तोडून एक चाचणी पान काढून पाहावं, धोरणात बसत असेल तर. निघालं तर कारण तेच. मुलाने आयटी विभागाला ‘लोकल लॅन ॲक्सेस’ मिळेल का विचारावं. नाही म्हणाले तर यूएसबी केबलने चालतं का पाहावं, अर्थात काही कंपन्या तेही बंद ठेवतात. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवून घरच्या मोबाईलवरून छापण्याचा मार्ग अनेक जण काढतात. मी कुणालाच सुचवत नाही, त्यात नोकरी जाऊ शकते.

तुमचं एवढ्यावर सुटायला हवं. पण प्रिंटर अजून खोक्यातच असलेल्यांसाठी पहिल्या जोडणीतल्या दोन-तीन अडचणी सांगतो. घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळांना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय कळतं, ५ चं दिसतच नाही. राउटरवर दोन्ही एकाच नावाने चालू असतील आणि मोबाईल ५ वर असेल तर काही ॲप जोडणी करताना गोंधळतात. राउटरमध्ये दोन्हींना तात्पुरती वेगळी नावं द्या, मोबाईल २.४ वर आणून जोडणी करा, मग हवं तर पुन्हा एक करा. सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ असेल तर जुने प्रिंटर आत येऊ शकत नाहीत, तिथं डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण हा पासवर्ड न लिहिता जोडण्याचा सोपा मार्ग आहे. एकीकडे दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत दुसरीकडे दाबायचं. पण त्यातली पिन वापरण्याची पद्धत फोडता येते हे २०११ मध्येच उघड झालंय, म्हणून काम झालं की डब्ल्यूपीएस बंद.

वायफायचं नाव मराठीत ठेवणाऱ्यांची मला मनापासून कदर वाटते, पण प्रिंटरसाठी ते अडचणीचं ठरतं. या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. शिवाय प्रिंटरच्या दोन ओळींच्या स्क्रीनवर ती अक्षरं उमटतच नाहीत. प्रिंटर असलेल्या घरी २.४ चं नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा, ५ चं मराठीत राहू द्या.

पुष्कळ प्रिंटर स्वतःचंही एक छोटं वायफाय सोडतात, त्याचं नाव ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होतं. मोबाईल त्याला जोडला गेला तर पानं निघतात, पण प्रिंटर घरच्या नेटवर्कवर आलेलाच नसतो. ‘मोबाईलवरून चालतं, बाकी कशावरूनच नाही’ अशी तक्रार असली की आधी मोबाईल नेमका कोणत्या वायफायवर आहे ते बघा.

जुना, फक्त यूएसबीचा लेझर प्रिंटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो फेकू नये. तो डेस्कटॉपला लावून बाकीच्यांना शेअर करणं पूर्वी सोपं होतं. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ ही मोठी त्रुटी उघड झाली, ती बुजवताना मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले आणि अनेकांचं शेअरिंग बंद पडलं. त्यापेक्षा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक प्रिंटरला जोडून त्यावर ‘कप्स’ चालवावं. १९९९ पासून चालत आलेली ही छपाई यंत्रणा मॅकमध्येही वापरली जाते. तिच्यामुळे जुना लेझर मोबाईललाही एअरप्रिंटवाला दिसू लागतो. फक्त तुमच्या मॉडेलसाठी लिनक्सचा (असा छोटा संगणक विंडोजऐवजी बहुधा त्यावर चालतो) ड्रायव्हर आहे का ते आधी बघून घ्या. आणि जुन्या प्रिंटरच्या खोक्यावर ‘गुगल क्लाउड प्रिंट’ लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका, ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

नेटवर्क ठीक असूनही पान येत नाही अशी दोन कारणं आपल्याकडे सतत भेटतात. एक, कागदाचा आकार. अनेक ठिकाणी ड्रायव्हर मुळात अमेरिकन ‘लेटर’वर असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० बाय २९७. प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत दिवा लुकलुकवत बसतो आणि माणूस वायफायला दोष देतो. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये एकदा ए४ करून ठेवा. दोन, रांगेत अडकलेलं काम. एक काम अर्धवट अडकलं की मागची सगळी थांबतात आणि ‘कॅन्सल’ही लागू पडत नाही. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सेवा, थांबवा, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली काढा (फोल्डर नाही), स्पूलर पुन्हा सुरू करा.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं उमटली तर तोही नेटवर्कचा दोष नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात बनवलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट नीट बसवलेला नसतो. जुनी सरकारी परिपत्रकं, संस्थांची पत्रकं यांत हे फार आढळतं. ॲडोबी रीडरच्या छपाईच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ला टिक करा. स्क्रीनवर जसं दिसतं तसं चित्र छापलं जातं. वेळ जास्त लागतो, अक्षर मात्र शाबूत राहतं. ड्रायव्हर खरोखर बदलायची वेळ येते ती प्रिंटर पानामागून पान अगम्य चिन्हं ओकू लागतो तेव्हा. मग मात्र नुसता प्रिंटर काढून भागत नाही, ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमधून जुना पूर्ण काढावा लागतो.

ड्रायव्हर उतरवताना कंपनीच्या मूळ संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. ‘प्रिंटर ऑफलाइन’ असं शोधलं की वर जाहिरातीत मदतीचे फोन नंबर येतात. त्यांतले पुष्कळ भामट्यांचे असतात. ते लॅपटॉपचा ताबा देणारं ॲप टाकायला लावतात, काळ्या पडद्यावर काही ओळी पळवतात आणि ‘व्हायरस आहे’ म्हणून पैसे मागतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त काकांचे असे अठरा हजार गेले, आणि त्यांच्या प्रिंटरचा तर फक्त पत्ता बदलला होता. तुमच्या घरी वडीलधारी माणसं प्रिंटर वापरत असतील तर हे त्यांना आजच सांगा.

इंक टँक आहे म्हणून आणखी एक. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या खटक्याने नाही. बटणाने बंद केला की तो शाईचं हेड बाजूला नेऊन झाकणावर बसवतो. खटका ओढला तर हेड असेल तिथं उघडंच राहतं आणि वाळतं. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. आणि कुणाकडे लेझर असेल तर तो यूपीएसवर लावू नका. त्यातला हीटर एका झटक्यात जी वीज ओढतो ती घरगुती यूपीएसला झेपत नाही.

तुमचा क्रम असा ठेवा: आधी बेडरूमचा राउटर ॲक्सेस पॉइंट करा, मग प्रिंटरचा पत्ता पक्का करा, मग लॅपटॉपचा पोर्ट बदला. तिन्ही झाल्यावर घरातला मेन स्विच पाच मिनिटं मुद्दाम बंद ठेवून चालू करा, म्हणजे लाईट जाऊन आल्यासारखंच होईल. राउटर पूर्ण सुरू होऊ द्या आणि लॅपटॉपवरून एक पान बेडरूममधून, एक हॉलमधून काढा. त्यातलं एखादं निघालं नाही तर नेटवर्कच्या पानावरच्या त्या चार ओळी आणि त्याच क्षणी लॅपटॉपला मिळालेला पत्ता, एवढं मला लिहून पाठवा. वायफायचा पासवर्ड मात्र त्यात लिहू नका.